रायापूरची लेक आणि खोपोलीचे दार

हुबळी आणि धारवाड ही शहरे म्हणजे एका घरातील दोन भावंडे होत. १९६२ साली दोघांचा कारभार एकाच महानगरपालिकेच्या हाती आला. परंतु स्वभाव मात्र निरनिराळे. हुबळी व्यापाराची, रेल्वेची आणि कापसाच्या बाजाराची; धारवाड विद्येचे, गायनाचे आणि पेढ्याचे. या दोहोंमध्ये सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर असून त्याच वाटेवर रायापूर लागते. जुना पुणे-बंगळूर रस्ता येथूनच जातो. २०१८ साली सुरू झालेल्या ‘चिगरी’ नावाच्या बसगाड्या या रस्त्याच्या मधोमध राखून ठेवलेल्या मार्गाने धावतात. चिगरी म्हणजे हरिण; आणि गाड्याही तशाच भरकन निघून जातात. रायापुरास शाळेतील मुलांचे दुपारचे जेवण शिजविणारा एक प्रचंड स्वयंपाकखाना आहे. पहाटे, इतर गाव झोपेत असता, तेथे चुली पेटतात, आणि ज्यांची तोंडे कधी पाहावयास मिळणार नाहीत अशा लेकरांसाठी भात-सांबार शिजू लागते. धर्म वेगळा असला तरी भुकेल्यास अन्न देण्याचे हे काम पाहून आमचे मन भरून आले.

या भागात प्रॉटेस्टंट बांधवांच्या बासेल मिशनने १८३७ साली धारवाडास आणि १८३९ साली हुबळीस कार्य सुरू केले. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, आणि धारवाड जिल्हा त्याच्याच छत्राखाली येतो. गेल्या नोव्हेंबर महिन्यात काही कामानिमित्त आमचे धारवाडास जाणे झाले. परतण्यापूर्वी आम्ही रायापुरास उतरलो, त्याला कारण घडले ते असे.

आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एक कुटुंब चौदा वर्षांपूर्वी कारखान्यातील नोकरीनिमित्त रायापुरास येऊन राहिले आहे. त्यांच्या थोरल्या मुलीला पहिला ख्रिस्तप्रसाद आमच्याच हस्ते मिळाला होता. आता ती तेवीस वर्षांची आहे. घरात पाऊल टाकताच आम्ही सहज विचारले, “थोरली कोठे आहे?” त्याबरोबर घरधनी खाली पाहू लागले आणि माउली चहा करावयास म्हणून आत गेल्या.

चहा झाल्यावर हळूहळू सारा उलगडा झाला. मुलीने हॉटेल-व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले होते, आणि आठ महिन्यांपूर्वी तिला महाराष्ट्रात, खोपोलीजवळ, एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी लागली होती. तेथील प्रसिद्ध मनोरंजन-उद्यानास येणाऱ्या पाहुण्यांवरच त्या हॉटेलचा संसार चालतो.

“फादर, पोरीला शिकविली ती असल्या कामासाठी का?” घरधनी म्हणाले. “परक्या माणसांपुढे दिवसभर हसत उभे राहावयाचे, रात्री-अपरात्री ड्यूटी करावयाची! गावाकडचे लोक विचारतात, मुलगी काय करते. मी सांगतो, कंपनीत आहे. हॉटेलात आहे म्हणून सांगावयास जीभ रेटत नाही. तिला म्हटले, घरी ये. तर येत नाही म्हणते.”

“चार महिने झाले, हे तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत,” माउली डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. “ती रोज फोन करते. मी बोलते, हे उठून अंगणात जातात.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग घरधनी म्हणाले, “फादर, तुमची परतीची वाट तिकडूनच आहे. एकदा उतरून बघा. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन. घेऊन ये म्हणालात, तर उद्याच जाऊन घेऊन येतो.”

आम्ही होकार दिला. वाचकहो, खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात किंतू होताच. आपल्या गावांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर आणि हॉटेलांत कामास गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर घरे उभी राहिली, आणि कोणी त्यांना नावे ठेवली नाहीत. तेच काम मुलीने पत्करले की मात्र आपल्या कपाळास आठी पडते. ती आमच्याही कपाळास पडली होती, हे कबूल करणे भाग आहे.

रायापूर ते खोपोली हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटरांचे. पण वस्तुतः तो एकच रस्ता आहे. धारवाड सोडले की राणी चन्नम्माचे कित्तूर, मग बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकीचा घाट आणि पुणे. पुण्यापुढे लोणावळा येते, आणि तेथून बोरघाट उतरला की पायथ्याशी खोपोली. आम्ही गुरुवारी रात्रीच्या बसने निघालो. बसमध्ये विद्यार्थी होते, व्यापारी होते, नोकरीच्या गावी परतणारे तरुण होते. बापाचे घर आणि लेकीचे काम अशा एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असावे, आणि तरीही चार महिने एक शब्द त्यावरून जाऊ नये, याचे आम्हांस रात्रभर नवल वाटत राहिले.

खोपोली हे गाव पूर्वी ओळखले जाई ते घाटामुळे आणि विजेमुळे. घाटावरील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडून त्यावर वीज निर्माण करण्याचे टाटांचे केंद्र येथे १९१५ साली सुरू झाले, आणि मुंबईच्या गिरण्यांना ती वीज मिळू लागली. जवळच महड आणि पाली ही अष्टविनायकांपैकी दोन क्षेत्रे असल्याने यात्रेकरूंची वर्दळ पूर्वीपासूनची. एप्रिल २०१३ मध्ये मात्र खोपोली-पाली रस्त्यावर निराळ्याच यात्रेची सुरुवात झाली. चित्रपट-व्यवसायातील श्री. मनमोहन शेट्टी यांनी तेथे ‘इमॅजिका’ नावाचे भव्य मनोरंजन-उद्यान उघडले. पुढील वर्षी त्यास पाण्याच्या खेळांचे उद्यान जोडले गेले, आणि २०१५ साली पाहुण्यांच्या मुक्कामासाठी मोठे हॉटेलही निघाले. २०२२ सालापासून हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आहे. आसपास लहानमोठी इतर निवासस्थानेही आहेत. आमच्या या लेकीचे हॉटेल त्यांपैकी नेमके कोणते, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

उद्यानाशेजारी हॉटेल, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडले. उद्यान उभारता उभारता डिस्ने यांचे द्रव्य इतके खर्ची पडले की हॉटेल बांधावयास जवळ काही उरले नाही. तेव्हा जॅक रॅदर नावाच्या गृहस्थांनी ते बांधले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते सुरू झाले. आपल्याकडे मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. तेथे माणसे सकाळी होडीने जात आणि संध्याकाळी घरी परतत. खोपोली मुंबईहूनही दूर आणि पुण्याहूनही दूर. म्हणून पाहुणा रात्री मुक्काम करतो. आणि जेथे मुक्काम आला तेथे दार आले, आणि दाराशी कोणी तरी उभे राहणे आले.

शुक्रवारी सकाळी आम्ही हॉटेलात पोहोचलो. काउंटरमागे करड्या रंगाचा कोट घातलेली, केस नीट बांधलेली एक तरुणी उभी होती. तिने मान वर केली, आणि क्षणभर नोकरीचे हसू आणि घरचे हसू यांची तिच्या तोंडावर गल्लत झाली. “फादर, तुम्ही!” एवढेच ती बोलली. लागलीच सावरून म्हणाली, “तुमचे ओळखपत्र द्यावे लागेल.” आम्ही मुकाट्याने काढून दिले. नियम तो नियम.

त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. पण एक सहकारी आजारी पडल्याने ती सकाळपासूनच उभी होती, आणि रात्री बारापर्यंत राहणार होती. कामाच्या वेळी तिच्याशी बोलणे शक्य नव्हते. म्हणून समोरच्या कोचावर, जपमाळ हातात घेऊन, आम्ही बसून राहिलो. आमचा पांढरा झगा पाहून एका चिमुरड्याने जवळ येऊन विचारले, “तुम्ही पण त्या बागेतलेच का? जादू करता?” आम्ही सांगितले, “नाही रे बाळा, आम्ही खरे आहोत.” त्याची निराशा झालेली स्पष्ट दिसली.

बसल्या जागेवरून त्या कामाची जी ओळख झाली ती वाचकांस सांगण्याजोगी आहे. खोली दुपारी मिळते, हा हॉटेलांचा नियम. कारण आदल्या रात्रीचे पाहुणे सकाळी उशिरापर्यंत जातात, आणि मधल्या दोन-तीन तासांत चादरी बदलून, न्हाणीघरे धुऊन सर्व खोल्या पुन्हा तयार करावयाच्या असतात. परंतु उद्यान पाहावयास आलेले कुटुंब सकाळी नऊलाच सामानसुमानासह दारात उभे! मग त्यांचे सामान चिठ्ठ्या बांधून ठेवून घ्यावयाचे, मुलांस हातपाय धुण्याची जागा दाखवावयाची, उद्यानाची वाट सांगावयाची, आणि खोली आताच का मिळत नाही हे दर कुटुंबास नव्याने, जणू पहिल्यांदाच सांगत आहोत अशा सुरात समजावून द्यावयाचे. दुपारी नोंदी, ओळखपत्रांच्या प्रती, आगाऊ रक्कम, खोलीच्या किल्लीऐवजी मिळणारी कार्डे. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारी खात्यास कळवावी लागते. संध्याकाळी उद्यान बंद झाले की ओलेचिंब कपडे, पेंगुळलेली मुले आणि हरवलेल्या वस्तूंची विचारणा. कोणाचा एक बूट, कोणाचा चष्मा, कोणाची बाहुली! रात्रपाळीस दिवसभराचा पैन्‌पैचा हिशेब जुळवून नवा दिवस उघडावा लागतो. आणि प्रत्येक पाळी संपताना पुढच्या माणसासाठी वहीत लिहून ठेवावे लागते : अमक्या खोलीत बाळ आजारी आहे, गरम पाणी पाठवावे, तमक्या खोलीतील आजोबांना पहाटे पाचला उठवावे.

सायंकाळी सातच्या सुमारास एक गृहस्थ काउंटरवर आले आणि खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही म्हणून मोठमोठ्याने बोलू लागले. “तुझ्यासारख्या मुलींना ठेवतात कशाला?” इथवर त्यांची जीभ गेली. ती शांतपणे ऐकत राहिली. दुसरी खोली शोधून दिली, माफीही मागितली. वास्तविक तिचा दोष काहीच नव्हता. ते गेल्यावर ती पाणी पिण्यासाठी मागे वळली. त्या वेळी तिच्या हातातील पेला थरथरत होता, तो आमच्या दृष्टीस पडला. त्या क्षणी तिला उठवून थेट रायापुरास नेऊन पोहोचवावे, असे आमच्या मनात आले. आम्ही तसे केले नाही, याबद्दल आज देवाचे आभार मानतो. कारण खरी गोष्ट पुढे घडावयाची होती.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. एक मोटार दाराशी थांबली. त्यातून एक म्हातारे जोडपे, त्यांचा मुलगा, सून आणि तान्हे मूल अशी पाच माणसे उतरली. उद्यान पाहून रात्रीच घरी परतावयाचे, असा त्यांचा बेत होता. पण गाडी वाटेत दोनदा बंद पडली, आणि म्हातारबाबांना चक्कर येऊ लागली. त्यांनी खोली आधी ठरविलेली नव्हती. हॉटेल तर शनिवार-रविवारच्या गर्दीने त्या रात्रीच भरलेले.

“खोली शिल्लक नाही,” तिला सांगावे लागले. ते शब्द ऐकताच आमच्या हातातील जपमाळ थांबली. संत लूकच्या शुभवर्तमानात धर्मशाळेत जागा नसल्याचे सांगितले आहे. पण तेथे दाराशी कोण होते, त्याने काय उत्तर दिले, याविषयी एक अक्षरही नाही. नाताळच्या नाटकांत दार धाडकन लावून घेणारा जो उग्र माणूस आपण दाखवितो, तो आपल्या कल्पनेतला आहे.

या मुलीने दार लावले नाही. म्हातारबाबांस तिने कोचावर आडवे केले, उशाला उशी दिली. स्वयंपाकघरातून बाळासाठी दूध गरम करून आणविले आणि मोठ्यांसाठी चहा. मग टेलिफोन उचलला. पहिल्या ठिकाणी नकार, दुसऱ्या ठिकाणी नकार, तिसऱ्या ठिकाणी कोणी उचललाच नाही. पाचव्या ठिकाणी, खोपोली गावातील एका साध्या लॉजमध्ये, दोन खोल्या मिळाल्या. तिने पत्ता कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिला, वाटेवरच्या दवाखान्याची खूण सांगितली, आणि हॉटेलच्या गाडीवानास त्यांच्या गाडीपुढे वाट दाखवीत जावयास विनविले. हे सारे आटोपले तेव्हा तिची पाळी संपून वीस मिनिटे होऊन गेली होती. त्या कुटुंबाकडून हॉटेलला एक पैसाही मिळाला नाही, आणि मिळणारही नव्हता.

त्या रात्री तिला घरी सोडणारी गाडी येईपर्यंत आम्हांस बोलावयास पाऊण तास मिळाला. आम्ही प्रथम तिच्या सुरक्षिततेविषयी विचारले. ती म्हणाली की मुलींसाठी राहण्याची वेगळी इमारत आहे, आणि रात्री उशिरा पाळी सुटली तर गाडी थेट दारापर्यंत सोडते. आई-वडिलांनी हे जाणून घ्यावे : महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीस कामास ठेवावयाचे तर तिची संमती लागते, आणि तिच्या संरक्षणाची व घरपोच वाहनाची व्यवस्था मालकास करावी लागते. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी हाही कामगाराचा हक्कच आहे. मुलगी परगावी कामास जाऊ लागली की रागावून गप्प बसण्यापेक्षा हे प्रश्न मालकास विचारणे, हे आई-बापांचे खरे कर्तव्य होय.

मग आम्ही मनातला प्रश्न विचारला. “बाळ, दिवसभर खोटे हसावे लागते, त्याचे काय?” हा प्रश्न काही आमचाच नव्हे. हसण्याचेही ओझे असते, आणि ते वाहणाऱ्याचे मन आतून थकते, हे एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ सालीच दाखवून दिले आहे.

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “कधी कधी खोटे हसावे लागते, फादर. पण घरी पाहुणे आले की आई डोके दुखत असले तरी हसतच उठायची. ते खोटे होते का?” पुढे म्हणाली, “माणसे वाईट नसतात, थकलेली असतात. दिवसभर उन्हात रांगेत उभी राहिलेली, मुले रडणारी, पैसा बराच गेलेला. राग काढावयास पहिले माणूस समोर दिसते ते मी. संध्याकाळी जे ओरडले ना, त्यांच्या बायकोने नंतर खाली येऊन माझा हात धरला.” आणि शेवटी, खाली पाहत, “ते सगळे सोसते. बाबा बोलत नाहीत, तेवढे सोसत नाही.”

रविवारच्या मिस्सेविषयी ती स्वतःच बोलली. मनाला लागलेली ती दुसरी गोष्ट होती. शनिवार-रविवार सर्वाधिक गर्दीचे, म्हणून तिला सुटी मिळते ती मंगळवारी. त्या दिवशी ती बसने जाऊन मिस्सा ऐकते. आम्ही तिला सांगितले की शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पार पडते, आणि योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे गुरू त्यातून सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरे धर्मकृत्य नेमून देऊ शकतात. तरी तिने तेथील गुरूंना भेटावे. ख्रिस्तसभा माता आहे. ती लेकरांचे हात बांधून वर त्यांना दोष देत नाही.

परंतु हे सांगता सांगता आम्हांसच एक गोष्ट बोचली. गेल्या वर्षी आम्ही आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींची सहल अशाच एका उद्यानात नेली होती, तीही रविवारी, सकाळची मिस्सा आटोपून! आमचा रविवार आनंदात जावा म्हणून तेथे किती जणांचा रविवार गेला असेल, हा विचार तेव्हा मनास शिवलाही नाही. त्यांपैकी एकाचेही तोंड आज आम्हांस आठवत नाही. रविवारी इतरांना विश्रांतीपासून वंचित करील अशी मागणी विनाकारण करू नये, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. ती आम्ही इतरांस शिकविली, पण स्वतः विसरलो.

सकाळी घाट चढताना आम्हांस द्वारपाल संतांची आठवण झाली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत दाराशी कोणी बसावे याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते काम शहाण्या, विचारी माणसाकडेच द्यावे, असे तो सांगतो. स्पेनमधील संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज हे कापडाचे व्यापारी. पत्नी आणि मुले निवर्तल्यावर ते येशूसंघात बंधू झाले, आणि मायोर्का बेटावरील महाविद्यालयाच्या दाराशी त्यांनी कित्येक दशके घालविली. दारावर थाप पडली की प्रत्यक्ष प्रभूच आला आहे असे समजून ते उठत. जर्मनीतील कपुचिन बंधू संत कॉनराड एकेचाळीस वर्षे आल्टोटिंग येथे द्वारपाल होते. १९३४ साली ते संत घोषित झाले. कॅनडातील बंधू आंद्रे बेसेट यांनीही मॉन्ट्रियलच्या एका शाळेचे दार सुमारे चाळीस वर्षे सांभाळले. २०१० साली तेही संतमालिकेत गेले. यांपैकी कोणीही मोठे ग्रंथ लिहून किंवा मोठी पदे भूषवून नावाजले नाहीत. ते दार उघडीत गेले, आणि ते दारच त्यांचा स्वर्गाचा मार्ग झाले.

आणि भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील तो धर्मशाळेचा मालक? शोमरोन्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. या मालकावर एकही नाही. दोन नाणी आगाऊ घेऊन, बाकीचा हिशेब परतताना चुकता करू या बोलीवर, एका अनोळखी जखमी माणसाला त्याने आत घेतले आणि त्याची शुश्रूषा केली. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. उरलेल्या रात्री मात्र त्या मालकाने काढल्या. हॉटेलच्या दाराशी असलेल्या माणसाला प्रभूने आपल्या सर्वांत सुंदर दाखल्यात स्थान दिले आहे, हे आपण विसरतो.

गावी पोहोचताच आम्ही रायापुरास फोन केला. घरधन्यांस आम्ही काही उपदेश केला नाही. फक्त त्या शुक्रवारच्या रात्रीची हकीकत, म्हातारबाबांची, दुधाची आणि पाच टेलिफोनांची, जशीच्या तशी सांगितली. ओरडणाऱ्या गृहस्थाचीही सांगितली, लपविली नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी एवढेच विचारले, “रात्री पाळी संपल्यावर तिला जेवण गरम मिळते का?” आम्ही म्हणालो, “ते तुम्हीच तिला विचारा.”

नाताळात तिला सुटी मिळाली नाही. त्या आठवड्यात हॉटेले ओसंडून वाहत असतात. पण नव्या वर्षाची गर्दी ओसरल्यावर, तीन राजांच्या सणास, सहा जानेवारीला, रायापूरचे ते नवरा-बायको रात्रीच्या बसने निघून खोपोलीस पोहोचले. बरोबर धारवाडी पेढ्यांचा पुडा होता. हॉटेलने कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दराने त्यांना एक खोली दिली. घरधन्यांनीच आम्हांस फोनवर सांगितले ते असे : ते काउंटरपुढे जाऊन उभे राहिले. काय बोलावे ते सुचेना. लेकीलाही सुचेना. शेवटी ती हळूच म्हणाली, “बाबा, ओळखपत्र द्यावे लागेल.” त्यांनी खिशातून काढून दिले. तिने वडिलांचे नाव लिहून घेतले, आणि लिहिताना दोघेही रडत होते. “फादर,” ते म्हणाले, “गावाकडे आता कोणी विचारले तर मी सांगतो, माझी मुलगी हॉटेलात दाराशी असते.”

वाचकहो, सहलींचे दिवस आहेत. आपणही मुलाबाळांना घेऊन कोठे तरी जाल. दाराशी जी मुलगी किंवा जो मुलगा उभा असेल, त्याच्याशी बोलताना आपला आवाज चढू देऊ नका. खोली तयार नसेल तर घटकाभर थांबा. निघताना धन्यवादाचा एक शब्द बोला. आणि शक्य असेल तर सहलीस रविवारखेरीज दुसरा दिवस निवडा. आपल्या गावातील कोणाची लेक अशा कामावर असेल, तर तिच्या आई-बापांपुढे कपाळाला आठी घालू नका. परगावी दुसऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या सर्व लेकरांसाठी आज रात्रीच्या जपमाळेत एक नमो मरिया अधिक म्हणा. बेथलेहेमात जिला जागा मिळाली नाही, ती माता त्यांना कधीही विसरणार नाही.